बारीक पानांची गच्ची

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीतली घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे आमची बाग गच्चीवर. तिथं मी मुद्दाम बारीक, जाळीदार पानांची झाडं लावते: शेपू, कोथिंबीर, बडीशेप, शतावरी, गणेशवेल, नेचा. कितीही दाटली तरी त्यांच्यातून ऊन झिरपत राहतं. दिसायला ही सगळी एका घरातली वाटतात, पण प्रत्येकाची निगा वेगळी. पान पाहून जीव लागतो. कुंडी आणि जागा मात्र मूळ पाहून ठरवावी लागते.

शेपू, कोथिंबीर, बडीशेप ही गाजराच्या कुळातली. सोटमूळ सरळ खाली जातं आणि उपटून दुसरीकडे लावलेलं रोप नीट धरत नाही. म्हणून बी थेट खोल कुंडीत पेरायचं, शेणखत घालून, उन्हात. एका धन्यात दोन बिया असतात, त्यामुळे धने आधी चपलेखाली हलके रगडून घ्यायचे. शेपू महिना-दीड महिन्यात मूगडाळीत घालण्याजोगा होतो.

उन्हाळा लागला की कोथिंबीर तुऱ्यावर येते. खालची पानं रुंद, वरची थेट शेपूसारखी बारीक! पुष्कळजण तेव्हा ती उपटून टाकतात. मी काही काड्या राखते. पांढऱ्या फुलांच्या छत्र्यांवर मधमाश्या येतात, ढालकिडे येतात, आणि ढालकिड्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. औषध फवारावं लागत नाही.

शतावरीची पानं म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो, त्या खरं तर हिरव्या, सुईसारख्या फांद्या. तिची जाड मुळं पाणी साठवतात, म्हणून ती एप्रिल-मे सहज काढते. पण कोल्हापूरच्या जून-जुलैच्या झडीत कुंडीत पाणी तुंबलं तर मुळं कुजतात. नेच्याचं उलट. त्याला सावली आणि ओल हवी, म्हणून तो पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. फूल नाही, बी नाही. पानामागच्या तपकिरी ठिपक्यांतल्या बीजाणूंवर त्याचा वंश चालतो.

गणेशवेल मूळची उष्ण अमेरिकेतली, पण नावानं आपल्या सणाची झाली आहे. वळवाचे पाऊस झाले की बी रात्रभर भिजवून कठड्याशी टोचते. गणपतीच्या सुमारास सकाळी लाल चांदण्या उमलतात आणि शिंजीर मधासाठी येतात.

राखलेल्या काड्यांवरचे धने तपकिरी झाले की सावलीत वाळवून ठेवते. थंडीत पेरायला तेच कामी येतात आणि शेजारी मागायला आले तरी पुरतात.