चमच्यातली मात्रा

लायपोसोमल क जीवनसत्त्व घरी करणं अवघड नाही. अवघड आहे ते एका चमच्यात किती उतरलं हे छातीठोकपणे सांगणं. म्हणून माझ्या ओट्यावर पहिला मान वजनकाट्याचा.

सोयाबीनचं ३० ग्रॅम लेसिथिन रात्रभर डिस्टिल्ड पाण्यात भिजवतो. सकाळी ते फुगून दाट होतं. १० ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात घुसळतो, मग सोनार दागिने धुतात तसल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात ठेवून काचेच्या कांडीने ढवळत राहतो. फेस बसतो, मिश्रण दुधाळ होतं. शेवटी पाणी घालून बरोबर २५० मिलिलिटर करायचं. म्हणजे ५ मिलिलिटरच्या चमच्यात २०० मिलिग्रॅम. बोअरचं पाणी आणि तांब्याचं भांडं वर्ज्य, कारण लोह-तांब्याच्या अंशानेही क जीवनसत्त्व लवकर नासतं. बाटली गडद काचेची आणि फ्रीजमध्ये.

बाटलीतलं क जीवनसत्त्व टिकलं का, हेही घरीच तपासता येतं. आमचा ब्रह्मपुरी हा धानाचा मुलूख, घरात पेज असतेच. थोड्या पाण्यात पेजेचे थेंब आणि चमचाभर मिश्रण घालून त्यात टिंक्चर आयोडीन थेंब थेंब सोडतो. क जीवनसत्त्व शिल्लक आहे तोवर थेंबाचा रंग उडतो. ते संपलं की सगळं निळंजांभळं होतं. ताज्या बाटलीला किती थेंब लागले ते लिहून ठेवतो. पुढे बरेच कमी लागू लागले, की बाटली मोरीत.

लायपोसोम झाले का, हे मात्र ही परीक्षा सांगत नाही. लेसिथिनचे पापुद्रे पाण्यात आपोआप मिटून पोकळ गोळ्या, म्हणजेच लायपोसोम, होतात, हे शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात केंब्रिजजवळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. ओट्यावर तशी सोय नाही. म्हणून मात्रा ठरवताना मी सगळं साधंच क जीवनसत्त्व धरतो.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोजची गरज पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम. आतडं २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं शोषतं. ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी. म्हणून जेवणानंतर एकच चमचा. हिवाळ्यात जंगलातले आवळे बाजारात आले की तोही बंद. एक मोठा आवळा दिवसाला पुरतो.

शेजारीण म्हणते, “काकाजी, मले बी एक शिशी द्या ना जी.” मी आधी घरातली दुखणी विचारतो. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण गावोगाव आहेत. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह साठतं, आणि त्यात क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा घातक ठरू शकते. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर तांबड्या पेशी फुटू शकतात. मुतखडा होऊन गेलेल्यालाही जपावं लागतं. अशा घरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली जात नाही.

जाते त्या प्रत्येक बाटलीवर मी तारीख, चमच्यातले मिलिग्रॅम आणि कोणी घेऊ नये ते लिहितो. घरचं आहे म्हणून हिशेब नको, असं औषधाच्या बाबतीत चालत नाही. उलट घरी करणाऱ्यानेच तो जास्त काटेकोर ठेवायला हवा.