पाचशे, पण कसले?

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होणार म्हटल्यापासून आमच्या वसमत भागात फिजिक्सचं पोरगं दिसलं, की पारावर एकच प्रश्न : "तू बी त्याच्यातच का?" मी त्याच्यात नव्हतो. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी इलेक्ट्रॉन मोजत होतो, आणि तेही खरे नव्हेत. यानावरच्या डिटेक्टरमध्ये ते कसे शिरतात, कुठं थांबतात, हे संगणकावर बघायचं.

हे कुणी हौसेनं करत नाही. २०१५ साली गेलेल्या ॲस्ट्रोसॅटवर भारित कण मोजणारं एक छोटं यंत्र आहे. यान दक्षिण अटलांटिकवरच्या कणांच्या गर्दीत शिरलं, की ते बाकीच्या उपकरणांना सावध करतं. आदित्य-एल१ वरचं 'पापा' सौरवाऱ्यातले इलेक्ट्रॉन टिपतं. असलं काही वर पाठवण्याआधी खाली हजारदा खोटं खोटं चालवून बघावं लागतं.

माझा डिटेक्टर मनचाच होता. पुढं सिलिकॉनची ०.३ मिलिमीटरची चकती, मागं १ मिलिमीटरची, भोवती ॲल्युमिनियमचं नळकांडं. जीएंट-४ या कणांचा प्रवास संगणकावर चालवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ५०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले. ते दोन्ही चकत्या भेदून सरळ पार! आलेख असा गुळगुळीत, की मी तो विभागाच्या सेमिनारमध्ये मोठ्या ऐटीत दाखवला. एका ज्युनिअरनं माझे आकडे मागितले, मी तिथल्या तिथं पेनड्राइव्हवर दिले.

चूक एका शब्दाची होती. एकक न लिहिता नुसतं ५०० लिहिलं, तर जीएंट-४ ते मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट धरतं. म्हणजे हजारपट. असला इलेक्ट्रॉन माझ्या दोन चकत्यांना काय भीक घालणार?

एकक दुरुस्त केलं आणि चित्र विस्कटलं. काही इलेक्ट्रॉन पहिल्याच चकतीतून उलटे फिरून आल्या वाटेनं बाहेर. काही नळकांड्याच्या भिंतीवर आपटून तिरके आत. बरेच मागच्या चकतीत कुठंतरी भटकून थांबलेले. मी इलेक्ट्रॉनला बंदुकीची गोळी समजत होतो. लहानपणी खळ्यावर आजी उंचावरून ज्वारी उफणायची, तेव्हा दाणा पायाशी पडायचा आणि भूस वाऱ्यावर जाऊन शेजाऱ्याच्या तुरीत बसायचं. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. दाणा तो, भूस हा. एवढं डोळ्यांनी बघून वाढलेल्या माणसाला ते सुचायला दोन महिने लागावेत!

आणखी एक होतंच. मी सगळे इलेक्ट्रॉन नळकांड्याच्या बरोबर मधोमध, नाकासमोर सोडले होते. सरांनी आलेख बघितला आणि शांतपणे विचारलं, "अवकाशात इलेक्ट्रॉनला तुझ्या डिटेक्टरचं तोंड कुठंय, ते सांगतं कोण?" मग भोवती एक गोल कल्पून त्याच्यावरून सगळ्या दिशांनी मारा केला. दहा लाख सोडले, तर तोंडातून रीतसर आत आलेले शंभराच्या आतबाहेर. बरा आलेख हवा तर रात्र रात्र चालवायचं. घरी वसमतला लॅपटॉपची बॅटरी गेलेली, लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. मधूनमधून निकाल साठवावा, ही अक्कल तिसऱ्या वेळी आली. माय दारातून डोकावायची, "काय करायलास रे इतक्या रातीला?" इलेक्ट्रॉन उफणतोय, म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं.

आतापर्यंतच्या चुका अडाणीपणाच्या. पुढची तशी नाही. प्रबंधात मी नवा आलेख टाकला आणि जुन्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पुन्हा कुणी विचारलंही नाही. पण तो ज्युनिअर माझ्या जुन्या आकड्यांवर आपलं काम रचत होता, आणि मला ते माहीत होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. हळदीच्या काढणीसाठी गावी गेलो, तिथंही वाटलं. शेतात हळद शिजवायची कढई चढलेली, डोळ्यांत वाफ, खिशात फोन. शेवटी त्याचाच आला. त्याचे आकडे कशाशीच जुळत नव्हते आणि तो स्वतःचीच चूक शोधत होता, तीन आठवडे.

मी सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, हे तुला कधी कळलं?"

मी तारीख सांगितली. खरी.