नऊ तासांची वाट

धर्मग्रामात कुणी निवर्तल्याची वार्ता आली, की पूर्वी पहिला प्रश्न असे, ‘मिस्सा किती वाजता?’ आता पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा केव्हा पोहोचेल?’ आपली मुले आखातात, इंग्लंडात, कॅनडात पांगली आहेत. त्यामुळे विमानांचा हिशेब आम्हां धर्मगुरूंनाही शिकावा लागला.

मुंबई आणि लंडन येथील विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. म्हणजे कागदावर आठ तास. प्रत्यक्षात मात्र जाताना दहाच्या आसपास तास लागतात, येताना नऊच्या. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाणाऱ्याला ते अडवतात, घरी परतणाऱ्याला पुढे लोटतात. आईच्या अंत्यदर्शनास निघालेल्या लेकराला वारा तासाभराची साथ देतो, या विचाराने मला दिलासा वाटतो.

एकदा हिवाळ्यात एका घरी शवपेटीशेजारी बसलेल्या मुलीने मला विचारले, “फादर, दादा तिकडून रात्री नऊला निघतोय. मग सकाळी सहाला यायला हवा ना?” मी तिला समजावले, “बाळ, हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. तिथे नऊ वाजतील तेव्हा इथे रात्रीचे अडीच झालेले असतील. तो उतरेल सकाळी साडेअकराला.” पुढे सामान, रस्त्यावरची गर्दी. आम्ही मिस्सा चार वाजता ठेवली. तिचा दादा साडेतीनला उंबरठ्यावर उभा राहिला.

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरावा. नकाशावर काढलेल्या सरळ रेषेपेक्षा तो उत्तरेकडे झुकतो. अरबी समुद्र, बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्र, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन, असा तो जातो. हीच सर्वांत जवळची वाट; पण विमानाला ती नेहमी लाभत नाही. २०१९ मध्ये सुमारे साडेचार महिने पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना मिटले. एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा मिटले आणि भारतानेही तेच केले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले आणि युक्रेनवरून प्रवासी विमाने जाणे थांबले. विमानांना वळसा पडला. युद्धाशी ज्याचा काडीचाही संबंध नाही, असा मुलगा त्या वळशाचे तास खिडकीशी बसून मोजतो, आणि इकडे घरचे मोजतात.

तरीही मागे वळून पाहावे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले आणि १० जूनला पोहोचले. त्याआधी बोटीने दोन-तीन आठवडे लागत. परदेशी गेलेल्याने आईच्या दफनविधीला पोहोचण्याची आशाच धरू नये, असा तो काळ होता. तिच्या मृत्यूचे पत्र हाती पडे, तोवर कबरीवर गवत उगवलेले असे.

७,२०० किलोमीटर तेव्हाही होते, आजही आहेत. कमी झाली ती वाट पाहण्याची मुदत. म्हणून कुणी घाईने ‘फादर, उरकून घेऊ या का?’ असे म्हटले, तर मी विमान कुठवर आले ते विचारतो. मुलगा वाटेत असेल, तर गावाने आणखी दोन तास थांबावे. तेवढे थांबणे आपल्या हाती आहे.