पिकअपची दुसरी चावी

दारव्ह्यात लोक किल्ली म्हणतात, घरात आम्ही चाबी म्हणतो आणि लिहायला बसलो की चावी. नाव काहीही घ्या, मागच्या कापसाच्या हंगामात आमच्या पिकअपची ती एका रात्रीत नाहीशी झाली आणि गाडी तीन दिवस गल्लीत उभी राहिली. गाडी आमची होती, पण तिच्यावरचा कापूस आमचा नव्हता.

पिकअप आमच्याकडे शौकासाठी नाही. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यांतून कापूस, सोयाबीन, तूर बाजारात आणि जिनिंगवर पोहोचवायची, परतताना खताच्या गोण्या नाहीतर सिमेंट न्यायचं, यावर आमच्या दोन चुली चालतात. एके काळी दारव्हा मोतीबागला शकुंतला गाडी थांबायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ तिची धाव होती. पुसदकडचा फाटा तर कधीच उखडला गेला, आणि मूळ गाडीही आता धावत नाही. आज शेतापासून बाजारापर्यंतचा रस्ता पिकअपवाल्यांचा आणि छोट्या हत्तीवाल्यांचा आहे.

त्या दिवशी एका शेतकऱ्याचा कापूस भरून गाडी संध्याकाळी घरी आली. सकाळी लवकर जिनिंगच्या रांगेत लावायची होती. आमचा ड्रायव्हर जवळच्या तांड्यावरचा बंजारा पोरगा आहे, चार वर्षांपासून आमच्याकडे. इशाच्या नमाजनंतर तो चावी देऊन मोटारसायकलने घरी गेला. त्या रात्री घरात लग्नाच्या बोलणीसाठी पाहुणे होते. पडवीत पंधरा-वीस माणसं, पोरासोरांचा गोंधळ, चहाच्या दोन-तीन फेऱ्या. फजरला अब्बा उठले तेव्हा खुंटी रिकामी होती.

आधी सगळ्यांनी घर पालथं घातलं. गाद्या, उशा, गव्हाची कोठी, पाहुण्यांच्या चपलांखाली, नालीत सुद्धा. भाईजान म्हणाले, मस्जिदीच्या लाऊडस्पीकरवर पुकारा करू, कुणाच्या हाती लागली असेल तर आणून देईल. इमाम साहेबांनी नम्रपणे नकार दिला. हरवलेल्या वस्तूचा पुकारा मस्जिदीत करू नये, अशी हदीस आहे, मस्जिद त्यासाठी बांधलेली नसते. बाहेर दारात उभं राहून हवं तर विचारा, म्हणाले. भाईजानने फजरच्या नमाजनंतर बाहेर उभं राहून विचारलं. आमच्या गल्लीत ही गोष्ट अनेकांना नव्याने कळली, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तोवर ड्रायव्हर आला. पाहुण्यांपैकी एका वडीलधाऱ्यांनी त्याच्या देखतच म्हटलं, "शेवटची याच्याच हातात होती ना? मग यालाच विचारा." पोरगा पांढराफटक पडला. "चाचा, म्या तं खुटीलेच टांगली होती. तुमच्या समोर," एवढंच म्हणाला. अब्बांना ते टांगताना पाहिल्याचं आठवत नव्हतं. नाही पाहिलं असंही ते म्हणू शकत नव्हते. खोली गप्प झाली. वडीलधारे पुढे बोलणार होते, चावीसाठी कुणी पैसे दिले असतील, आजकाल काय सांगता येतं वगैरे. अम्मी आतून म्हणाल्या, की सूरह हुजुरातमध्ये जास्त गुमान करण्यापासून आपल्याला रोखलं आहे, काही गुमान गुनाह असतात. पुरावा असेल तर बोला, नसेल तर चहा घ्या. त्यांनी चहा घेतला.

चावी आजपर्यंत सापडलेली नाही. ती कुणी नेली, पोरांनी कुठे टाकली, की खिशातून पडली, आम्हाला माहीत नाही. गेली ती एवढंच खरं.

आभाळ भरून आलं होतं. पिकअपची दारं बंद, स्टिअरिंग लॉक, त्यामुळे ढकलून आडोशाला नेणंही शक्य नव्हतं. वर उघडा कापूस आणि ताडपत्री एकच. भिजलेल्या कापसाचा भाव पडतो, हे यवतमाळ जिल्ह्यात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. अब्बांनी चावीचा विषय बाजूला ठेवला आणि दुसरी पिकअप भाड्याने बोलावली. हमाल लावले. गल्लीतल्या गल्लीत कापूस या गाडीतून त्या गाडीत गेला. सगळ्यात जास्त बोरे ड्रायव्हरनेच उतरवले, कुणी सांगितलं नव्हतं. शेतकऱ्याला एक पैसा जास्तीचा लागू दिला नाही. वजनाची पावती घेऊन संध्याकाळी तो परत आला तेव्हा कुठे आम्ही आपल्या गाडीकडे पाहिलं.

आता गाडीचं. बसस्टँडजवळ जो चावीवाला बसतो, तो शंभर-दीडशे रुपयांत मोटारसायकलची, कपाटाची चावी कानस घासून करून देतो. आम्हाला वाटलं, पिकअपचीही तशीच होईल, पण त्याने हात जोडले. "चावी मी पाडून देईन, पण गाडी सुरू नाही होणार. यात चिप असते. यवतमाळहून मशीनवाल्याला बोलवा." फोन नंबरही त्यानेच दिला. स्वतःचं काम दुसऱ्याला दिलं, हे आमच्या लक्षात राहिलं.

यवतमाळचा कारागीर दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या त्याने गाडीला हात लावला नाही. आधी गाडीचं आर.सी. बुक मागितलं, मग अब्बांचं आधार कार्ड, मग पोलीस ठाण्यात चावी हरवल्याची नोंद केली आहे का ते विचारलं. भाईजानला राग आला. आपल्याच दारात, आपल्याच गाडीसाठी कागदपत्रं? कारागीर हसला. "भाई, मी न विचारता चावी केली तर उद्या तुमची गाडी चोरणाऱ्यालाही करून देईन. मग चालेल?" भाईजान आत जाऊन कागद घेऊन आले. नोंद झालीच नव्हती, ती करायला गेले. अर्धा दिवस त्यात गेला. जो कागद न मागता गाडीची चावी करायला तयार होतो, त्याच्यापासून चार हात दूर राहा, असं आमचं मत तेव्हापासून पक्कं झालं आहे.

काम दोन टप्प्यांचं होतं. पहिला टप्पा लोखंडाचा. काचेच्या फटीतून पट्टी सरकवून दार उघडलं, दाराचं कुलूप काढलं, आतल्या छोट्या पत्र्यांच्या उंचीप्रमाणे कोऱ्या चावीवर दाते पाडले. ही चावी दाराला लागली, स्टिअरिंगलाही लागली. स्टार्टर फिरला. इंजिन मात्र धरेना, आणि डॅशबोर्डवर एक लहानसा लाल दिवा लुकलुकत राहिला.

दुसरा टप्पा त्या दिव्याचा. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात ज्वारीच्या दाण्याएवढी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. चावी घालतो त्या भोकाभोवती तारेचं एक कडं बसवलेलं असतं. स्विच फिरवला की ते कडं चिपला वीज पुरवतं, चिप आपला नंबर सांगते, आणि इंजिनचा कॉम्प्युटर तो नंबर आपल्या यादीत आहे का बघतो. यादीत असेल तरच इंधन सोडतो. याला इमोबिलायझर म्हणतात. गाड्यांची चोरी रोखण्यासाठी ब्रिटनने 1998 पासून आणि कॅनडाने 2007 पासून नव्या गाड्यांत तो सक्तीचा केला. आपल्याकडेही आता मालवाहू गाड्यांपर्यंत तो आला आहे. म्हणून चावीचं डोकं फुटलं तर नुसतं पातं सांभाळून उपयोग नाही, तुकडेही गोळा करावेत, त्यात चिप असते. आणि रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी बंद पडत नाही. सेल दार उघडण्यापुरता, चिपचं काम वेगळं.

स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. कारागिराने तिथे आपली मशीन जोडली. त्याआधी आमची बॅटरी तपासली आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली, कारण काम चालू असताना वीज कमी पडली तर गाडीचा कॉम्प्युटरच बिघडू शकतो. मग त्याने विचारलं, "दुसरी चावी कुठे आहे?"

गाडी आम्ही जुनी घेतलेली, दिग्रसकडच्या एका कुटुंबाकडून. चावी एकच आली होती. दुसरी सापडत नाही, म्हणाले होते. हे ऐकल्यावर त्याने जे सांगितलं ते जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येक घराने ऐकावं. एक चावी हातात असताना दुसरी नोंदवणं सोपं आणि स्वस्त असतं. एकही नसेल तर कॉम्प्युटरमधली सगळी यादी पुसून नव्याने लिहावी लागते, त्याला गाडीचा गुप्त कोड लागतो, वेळ लागतो, पैसे दुप्पट-तिप्पट लागतात. पण यादी पुसल्याचा फायदाही आहे. जी चावी त्या वेळी समोर नसते ती यादीतून जाते. मग ती कुणाच्याही हातात असो, दार उघडेल, गाडी सुरू होणार नाही. जुनी गाडी घेताना म्हणूनच दोन्ही चाव्या आणि चावीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी मागून घ्यावी, आणि एकच मिळाली तर यादी नव्याने लिहून घ्यावी. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीही सगळ्या मूळ चाव्या मागते. खासगी गाड्यांच्या विम्यात थोडे पैसे जास्त भरून चावी हरवल्याचा खर्च मिळण्याचीही सोय असते, विचारून पाहावं.

आम्ही दोन चाव्या एकदमच करून घेतल्या. साडेपाच हजार सांगितले, पाचवर तुटलं. दुसऱ्या पिकअपचं भाडं, हमाली आणि तीन दिवसांचा बुडालेला धंदा वेगळा. अल्हम्दुलिल्लाह, मगरिबच्या आधी इंजिन धरलं आणि लाल दिवा विझला.

अक्षरं-आकडे जुळले तरच कुलूप उघडायचं, ही कल्पना तशी फार जुनी. अल-जझरी यांनी 1206 मध्ये पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात चार फिरत्या तबकड्यांचं, अक्षरं जुळवून उघडणाऱ्या पेटीचं कुलूप दिलं आहे. भाईजानच्या मुलीने हे शाळेच्या प्रदर्शनासाठी वाचलं होतं, तिने कारागिराला सांगितलं. तो म्हणाला, "मग माझा धंदा आठशे वर्षांचा झाला की." मशीन गुंडाळताना तेच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्या रात्री जेवताना अब्बांनी काबागृहाच्या चावीची गोष्ट काढली. आमच्या घरात ती मुलांना माहीत आहे, पण त्या दिवशी तिचा रंग वेगळा होता. मक्केच्या विजयाच्या वेळी, हिजरी 8 मध्ये, काबागृहाची चावी उस्मान बिन तल्हा यांच्या घराण्याकडे होती. रिवायतींत येतं, की पूर्वी एकदा याच उस्माननी प्रेषित (स.) यांना आत जाऊ दिलं नव्हतं. आता चावी प्रेषितांच्या (स.) हातात होती, जवळच्या माणसांनी ती आपल्याकडे ठेवण्याची इच्छाही व्यक्त केली. प्रेषितांनी (स.) ती उस्मान यांनाच परत दिली. अमानती त्यांच्या हकदारांकडे पोहोचवा, या सूरह निसामधल्या आदेशाशी अनेक मुफस्सिर हा प्रसंग जोडतात. चावी अजून त्याच शैबी घराण्यात आहे. जून 2024 मध्ये किल्लीदार शेख सालेह अश्शैबी यांचं निधन झालं तेव्हाही ती त्यांच्याच घराण्यात पुढे गेली. अब्बांनी एवढंच सांगितलं आणि पाणी मागितलं. ज्या वडीलधाऱ्यांनी सकाळी ड्रायव्हरकडे बोट दाखवलं होतं ते जेवायला होतेच. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावी जाताना मात्र त्यांनी पोराला हाक मारून त्याच्या बहिणीच्या लग्नाची चौकशी केली.

रमजानच्या आधी दिग्रसकडून एक माणूस आला. ज्यांच्याकडून गाडी घेतली होती त्यांच्या घरी रंगकाम चाललं होतं, शिलाई मशीनच्या खणात जुनी चावी सापडली, आणि त्यांनी ती बसभाडं खर्च करून पाठवली होती. सोबत नंबराची पट्टीही. आम्ही लगेच गाडीला लावून पाहिली. दार उघडलं. स्टार्टर फिरला. लाल दिवा लुकलुकला, इंजिन धरलं नाही. मुलं हसली. अब्बांनी मात्र त्यांना फोन लावला आणि बराच वेळ बोलले. चिप तीच असल्याने थोड्या पैशांत ती पुन्हा यादीत घालता येईल, असं यवतमाळच्या कारागिराने फोनवर सांगितलं. पुढच्या खेपेला करून घेऊ, इन्शाअल्लाह.

तोवर ती दार उघडण्यापुरती घरात आहे. नंबराची पट्टी अम्मींच्या लोखंडी कपाटात, जमिनीच्या कागदांबरोबर. चालणारी एक चावी अब्बांच्या कमरेला. दुसरी अब्बांनी त्या पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हरला दिली होती. रात्री परत आणू नको म्हणाले, तुझ्याच घरी राहू दे. त्याच्या आईने ती सेवालाल महाराजांच्या फोटोखालच्या खिळ्याला, लाल दोऱ्यात बांधून अडकवली आहे.