ओले अंथरूण आणि मूत्रपिंड

वयोवृद्ध पुरुषाचे अंथरूण रात्री ओले होऊ लागले, की घरातील माणसे ते वार्धक्याच्या खाती टाकून मोकळी होतात. वाचकहो, इतक्या लवकर मोकळे होऊ नका, अशी माझी विनंती आहे.

माझे सासरे ८१ वर्षांचे. पहाटे कोणी उठण्यापूर्वी ते आपले धोतर धुऊन परसात वाळत घालीत. संकोची स्वभाव, सुनेजवळ असले बोलायचे कसे? दिवसातून दहा-बारा वेळा थोडी थोडी लघवी होत असल्याने ती आत तुंबली असेल, अशी शंकाही त्यांना आली नाही. वेदना तर मुळीच नव्हती. पायांवर सूज आली, अन्नावरची वासना उडाली, तेव्हा कोठे ते तपासणीस तयार झाले. सोनोग्राफीत दिसले, की लघवी करून आल्यावरही मूत्राशयात जवळजवळ एक लिटर लघवी शिल्लक होती आणि दोन्ही मूत्रपिंडे फुगली होती. काठोकाठ भरलेल्या घागरीतून पाणी ओघळावे, तसे ते रात्रीचे ओलेपण होते.

मूत्रपिंडांतून येणाऱ्या मूत्रवाहिन्या मूत्राशयाच्या भिंतीतून तिरप्या शिरतात. मूत्राशय भरले, की भिंतीचाच दाब त्यांची तोंडे मिटवितो आणि लघवी माघारी जात नाही. किती सुबक योजना! काही बालकांत ती जन्मतःच कच्ची असते. लघवीच्या जंतुसंसर्गाने वारंवार येणारा ताप ही तिची एक खूण. (नातवंडांच्या अशा तापाकडे आजी-आजोबांचेही लक्ष असावे.) उतारवयात मात्र वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी पुढची वाट अडविते. मग लघवी वरून नीट उतरत नाही, कधी उलट वर चढते, आणि तो दाब मूत्रपिंडे मुकाट्याने सोसत राहतात. तेथे एकदा वण पडले, की ते भरून येत नाहीत.

नळी घातल्यावर सासऱ्यांचे क्रिएटिनिन उतरले, पण पूर्ववत झाले नाही. नळीच्या पिशवीविषयी परिचारिकेने दिलेली सूचना आपल्याही उपयोगाची आहे: पिशवी सदैव मूत्राशयाच्या पातळीखाली हवी. रुग्णाची कूस बदलताना ती सहज पलंगावर ठेवली जाते आणि लघवी परत आत जाते. सर्दीवरची काही औषधे आणि बद्धकोष्ठ यांनीही लघवी अडते, हे तिच्याकडूनच कळले.

लघवी झाल्यावर आत किती उरते, हे सोनोग्राफीने पाहता येते. तिला ना सुई लागते, ना भूल. आपल्या डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारा. वडीलधारे स्वतः विचारणार नाहीत.