आत बघणारी लेन्स

ट्रकमध्ये काहीही बसवायचं तर आधी व्होल्ट विचारायचे, ही मामांची पहिली शिकवण. छोट्या टेम्पोला १२ व्होल्ट. आमच्या मोठ्या गाडीत १२-१२च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या, म्हणजे २४. बाजारातले बरेचसे डॅशकॅम कारवाल्यांसाठी केलेले, १२वर चालणारे. मग घाईतला वायरमन दोनपैकी एकाच बॅटरीवरून तार ओढतो. कॅमेरा लागतो, शेठ खूश होतो. पण ती बॅटरी रोज थोडी जास्त रिकामी होते आणि डायनामो मात्र दोघींना मिळून चार्ज करतो. एक कायम उपाशी, दुसरी जादा चार्ज होऊन पाणी उडवते. "जोडीतल्या एकाच बैलावर ओझं टाकलं की दोन्ही बैल जातात," मामा म्हणायचे, आणि आजही म्हणतात.

मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडे, एलबीएस मार्गाला लागून असलेल्या गल्लीत त्यांची गाड्यांच्या वायरिंगची टपरी आहे. माझे वडील धंदा बघत होते तेव्हापासून ते आमचे मामा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली आणि नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा संपल्या. त्या रांगेतल्या गाड्यांचे हॉर्न, डिप्पर, सेल्फ दुरुस्त करण्यावर मामांचं बरंच चालायचं. ते काम आटलं, मामा राहिले.

कॅमेऱ्याचा विषय मी नाही, आमच्या ड्रायव्हरनं काढला. बीडकडचे आहेत, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. जानेवारी २०२४मध्ये ड्रायव्हर लोकांनी स्टिअरिंग सोडलं होतं, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, आठवत असेल. नव्या न्याय संहितेच्या कलम १०६(२)मध्ये बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतल्यावर न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. सरकारनं ते उपकलम तेव्हा लागू केलं नाही, पण भीती बसायची ती बसली. "थांबलो तर पब्लिक मारतंय, पळालो तर दहा वर्षं. शेठ, एक कॅमेरा तरी बसवा," भाऊ म्हणाले.

दुकानदारानं मला दोन लेन्सचा कॅमेरा सुचवला. एक लेन्स रस्त्याकडे, एक केबिनच्या आत. ड्रायव्हर डुलकी घेतो का, फोनवर बोलतो का, सगळं घरबसल्या दिसेल म्हणाला. मालकाला मोह पडावा अशीच वस्तू. मी मामांना विचारायला गेलो ते व्होल्टचं. भाऊ बाहेर चहा घेत होते.

मामांनी खोका उलटसुलट करून पाहिला. आत लिथियमचा सेल नसून कपॅसिटर आहे, हे बघून मान डोलावली. मे महिन्यात भिवंडीच्या गोडाऊनबाहेर गाडी उभी राहिली की काचेमागे जी भट्टी पेटते, तिच्यात सेल फुगतो. कार्ड मात्र साधं होतं, ते परत करायला लावलं. हा कॅमेरा दिवसभर त्याच कार्डावर लिहितो आणि जुनं पुसत जातो, साधं कार्ड त्यात लवकर मरतं. मग विचारलं, "भाऊ झोपतात कुठं?"

"गाडीतच."

"मग त्यांना विचारलंय का?"

भाऊंना आत बोलावलं. ते आधी माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "बाहेरचं सगळं दाखवा शेठ. आतलं नको. रात्री घरी व्हिडिओ कॉल असतो, पोरं असतात, कपडे बदलायचे असतात."

मामांनी पुढे चर्चाच होऊ दिली नाही. त्याच किमतीत दुसरी लेन्स बाहेर लावायची मिळते, पाणी सहन करणारी. ती क्लीनर साईडला, आरशाखाली लावू म्हणाले. मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाला ड्रायव्हरला काही दिसत नाही, आणि मुंबईतले बाइकवाले नेमके तिथूनच घुसतात.

काम पाहण्यासारखं होतं. पुढची लेन्स वायपर फिरतो त्या पट्ट्यातच, दत्तगुरूंच्या फोटोला धक्का न लावता. (भाऊंनी फोटो दोन बोटं सरकवायलाही नकार दिला, लेन्स सरकली.) तीन तारा: एक कायम चालू, एक चावीवरची, एक अर्थ. अर्थचा बोल्ट काचपेपरनं घासून लख्ख केला, रंगावर अर्थ धरत नाही. फ्यूज बॅटरीजवळ. उभ्या गाडीत व्होल्टेज २४च्या खाली घसरलं की कॅमेरा आपोआप बंद, नाहीतर सकाळी सेल्फ उचलत नाही. बाहेरच्या तारेला केबिनच्या बिजागरीपाशी मोठा झोल सोडला. मेकॅनिक केबिन पुढे कलंडवतो, ताणलेली तार तेव्हाच तुटते. शेवटी तारीख-वेळ माझ्या फोनशी ताडून लावली आणि दर महिन्याला तपासायचं भाऊंना बजावलं.

गेल्या पावसाळ्यात जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला मेट्रोच्या खांबांजवळ गाडी तुंबून उभी असताना एक बाइकवाला डावीकडून घुसला, टायरला घासला, पडला. फारसं लागलं नव्हतं, पण माणसं जमली. भाऊंनी दार उघडलं, खाली उतरले, स्वतः ११२ला फोन लावला आणि पोलीस येईपर्यंत तिथेच उभे राहिले. डाव्या लेन्समध्ये आमची थांबलेली चाकं आणि घुसणारी बाइक, दोन्ही होतं, घड्याळासकट. प्रकरण चौकीतच मिटलं. कोर्टात व्हिडिओची प्रत द्यावी लागली असती तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागलं असतं. असं प्रमाणपत्र किती अटळ, ते सुप्रीम कोर्टानं २०२०मध्ये आपल्या जालन्याच्याच निवडणूक खटल्यात, खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, सांगून ठेवलंय. मूळ कार्ड जपा, व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ पुरावा समजू नका, हे वकिलानं सांगायच्या आधी मामांनी सांगितलं होतं.

व्हिडिओनं वाचवलं असं सगळे म्हणतात. माझ्या मते वाचवलं ते भाऊंच्या थांबण्यानं. तो कॅमेरा त्यांच्या बाजूनं लावलेला होता, त्यांच्यावर नाही, म्हणून ते थांबले. आतली लेन्स लावली असती तर ते आमच्याकडे टिकले असते की नाही, हेही मला सांगता येणार नाही.

मामांनी बिल कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलं: तार, स्लीव्ह, फ्यूज, २४ व्होल्ट उतरवणारा कन्व्हर्टर, मजुरी. मजुरीत एक रुपया सोडला नाही. मीही घासाघीस केली नाही. जे फेडायचं राहिलं ते त्या पानावर नव्हतंच, आणि दिवाळीला मिठाई नेली की ते ती शेजारच्या पंक्चरवाल्याच्या पोरांना वाटून टाकतात.

आता दुसरी गाडी घेतलीय. कॅमेरा कधी लावायचा विचारायला फोन केला, तर म्हणाले, "आधी ड्रायव्हरला पाठवा. तुम्ही पैसे द्यायला या."