करार न फाडता मोडण्याची युक्ती

जेट एअरवेजच्या तत्कालीन व्यवस्थापनास,



हे पत्र बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातून. आमच्या गावाला विमानांची फक्त घरघर ऐकू येते. पण लालबागची ताप्ती मिल 2020 च्या लॉकडाउनपासून बंद आहे, त्यामुळे अडकलेला पगार म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ऑगस्ट 2018 मध्ये तुम्ही पगारकपात सुचवलीत. पायलटांनी नकार दिला, तुम्ही माघार घेतलीत. मग मागून मिळालं नाही ते न देऊन मिळवलंत. पगार आधी हप्त्यांनी, मग उशिरा, मग बंद. तुमच्या पायलटांच्या संघटनेने, नॅशनल एव्हिएटर्स गिल्डने, 1 एप्रिल 2019 पासून विमानं न उडवण्याचं ठरवलं. तुम्ही डिसेंबरचा उरलेला पगार पुढे केलात. बँकांचे 1500 कोटी येणार, ही आशा होतीच. बंद 15 तारखेवर गेला, तिथूनही पुढे ढकलला गेला. 17 एप्रिलच्या रात्री अमृतसरहून शेवटचं विमान मुंबईत उतरलं आणि बंद पुकारायला कंपनीच उरली नाही. (25 मार्चनंतर सूत्रं बँकांच्या हाती होती, हे मान्य. पगार त्याआधीच थकला होता.)

अमेरिकेत 1983 साली कॉन्टिनेंटल एअरलाइन्सच्या फ्रँक लोरेन्झोने दिवाळखोरीचा अर्ज केला, युनियनचे करार उघडउघड फेटाळले आणि निम्म्याच्या आसपास पगारावर माणसं परत बोलावली. गहजब झाला. पुढच्याच वर्षी तिथे कायदा बदलला: करार मोडायचा तर आधी युनियनशी बोला, मग न्यायालयाची परवानगी घ्या. तुम्ही करार फाडला नाहीत, नुसता पाळला नाहीत. त्यामुळे गहजबही झाला नाही. आपल्या 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात तशी वाटाघाटीची सक्तीच नाही. कर्ज देणाऱ्यांच्या समितीत मत बँकांना. पगार थकलेल्याला नाही. आणि पायलटला मात्र नियमाचा दोर: 2017 पासून कमांडरला नोकरी सोडायची तर वर्षभराची नोटीस. एकाला वर्षभर बांधून ठेवायचं आणि दुसऱ्याने महिन्याचा पगारही पाळायचा नाही, हा कुठला करार?

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. जून 2019 मध्ये प्रकरण मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात गेलं. पीएफ-ग्रॅच्युइटीसाठीही कर्मचाऱ्यांना थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. 7 नोव्हेंबर 2024 ला त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. मोडीच्या रांगेत कामगारांची 24 महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने. बाकी कर्मचाऱ्यांची फक्त 12 महिन्यांची, तीही त्यांच्यामागे. लाखांत पगार घेणारा कॅप्टन यातल्या कुठल्या रांगेत, यावर वकिलांची घरं चालतात.

श्रीमंतांच्या पगाराचं एवढं काय, असं इथलेही काहीजण विचारतात. मला ते पटत नाही. गिल्डसारखी संघटना पाठीशी असलेल्या कॅप्टनचा पगार असा बुडत असेल, तर लूमवरच्या माणसाने कुणाच्या भरवशावर मागायचं? म्हणून मागणी एकच: पगार थकलेल्यांना कर्ज देणाऱ्यांच्या त्या समितीत मत मिळावं. पगार तर तुम्ही दिला नाहीत. आता निदान कायदा बदलताना विरोधात उभे राहू नका.

आपला,
लोधीपुऱ्यातला एक वाचक